पावसात बिघडणारं सेंट्रल लॉक: किट बदलण्याआधी बिजागरीजवळची रबरी नळी उघडा

रिमोट दाबला की तुमच्या जुन्या पिकअपची तीन दारं लॉक होतात, ड्रायव्हरचं तेवढं राहतं. वर पाऊस लागल्यापासून मधूनमधून फ्यूज उडतो, आणि डिचोलीत तुम्हाला सेंट्रल लॉकचं अख्खं किट (मोटरी आणि कंट्रोल युनिट) बदलायला सांगितलंय. पैसे घालायची घाई करू नका. कंट्रोल युनिट, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेऊन मोटरी चालवणारा डबा, गेलं असतं तर बाकीची तीन दारं अशी नेमाने चालली नसती. मी म्हापशाला गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. जुन्या पिकअपमध्ये हा दोष बहुतेक वेळा बॉडी आणि दाराच्या मधल्या काळ्या रबरी नळीत सापडतो.

दार उघडलं-मिटलं की त्या नळीतल्या वायरी वाकतात. वर्षानुवर्षं त्याच जागी वाकून आतली तांब्याची तार तुटते, वरचं कव्हर मात्र शाबूत दिसतं. म्हणून नुसतं बघू नका. नळी बॉडीच्या बाजूने सोडवून मागे सरकवा आणि एकेक वायर हलकेच ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते.

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मोटर असते, बाकी दारांत दोन वायरींची. पाचांतल्या दोन, बहुतेक निळी आणि हिरवी, मोटर फिरवतात. पांढरी, तपकिरी आणि काळी या आतल्या स्विचच्या. आता ड्रायव्हरचा नॉब हाताने दाबून पाहा. बाकीची दारं लॉक झाली तर स्विचच्या वायरी ठीक आहेत. दोष निळ्या-हिरव्या जोडीत किंवा मोटरमध्येच. (लॉक आपोआप खटखट वर-खाली होत असतील तर उलट, स्विचच्या वायरींवर संशय घ्यायचा.)

तपासताना एकट्या मल्टिमीटरवर विसंबू नका. वायरीत एकच तंतू उरला असला तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, पण त्या तंतूवर मोटर फिरत नाही. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घ्या, दारातल्या मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून गाडीकडून येणाऱ्या निळ्या आणि हिरव्या टोकांमध्ये लावा आणि घरातल्या कुणाला तरी रिमोट दाबायला सांगा. लॉकला आणि अनलॉकला, दोन्ही वेळा बल्ब क्षणभर लख्ख पेटायला हवा. पेटला तर वायरिंग चांगलं, मोटर बघा. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर वायर. मोटर बघायची तर फ्यूज घातलेल्या वायरने बॅटरीवरून तिला थेट करंट द्या, पण नुसता स्पर्श करून सोडा. धरून ठेवलीत तर जळेल.

फ्यूज नेमका कधी उडतो तेही बघा. बसवल्या बसवल्या उडाला तर युनिटकडे येणारी मुख्य लाइन कुठेतरी बॉडीला लागते आहे. रिमोट दाबतानाच उडत असेल तर मोटरच्या वायरी, म्हणजे पुन्हा तीच नळी. कृपा करून मोठा फ्यूज किंवा तार घालू नका. त्याने फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि आग लागायला तेवढं पुरतं.

नळीत तुटलेली वायर तिथल्या तिथे जोडून भागत नाही. सोल्डर केलेली जागा ताठ होते आणि तिच्या शेजारीच पुन्हा तुटते. बारीक तंतूंची मऊ वायर घ्या, एक जोड केबिनमध्ये आणि दुसरा दाराच्या आत ठेवा, मधे वायर अखंड आणि थोडी सैल. एक तुटली असेल तर पाचही बदला. बाकीच्याही तितक्याच वाकलेल्या आहेत, पुढच्या पावसात त्यांची पाळी.

दाराचं पॅड काढलंच आहे तर आतला प्लास्टिकचा कागद बघाच. स्पीकर बसवताना तो सर्रास फाडतात, मग काचेवरून उतरणारं पाणी सरळ कपलरवर पडतं. गोव्यात वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि वर खारी हवा. कपलरच्या पिना हिरव्या पडायला वेळ लागत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, खाल्लेल्या पिना बदला, कागद नीट चिकटवा. दाराच्या तळाची भोकंही उघडा. तुमच्या भागातली तांबडी धूळ पावसात तिथे चिखल होऊन बसते आणि दारात पाणी साठतं.

एवढं करूनही बल्ब पेटत नसेल तर युनिटवरच, त्याच दोन वायरींवर, बल्ब लावा. तिथेही पेटला नाही, तरच युनिट बदला. मोटरी मात्र त्याच ठेवा.