मुलांना विचारायचं, पण कसं? शाळेतल्या तंत्रज्ञानाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रोजेक्टर, कॉम्प्युटर लॅब, सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स हे सगळं गोव्यातल्या शाळांत आलं. आता मुलांना त्याबद्दल काय वाटतं ते जाणून घ्यायची धडपड बऱ्याच शाळांत सुरू आहे. त्यासंबंधी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही गूगल फॉर्म बनवून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तीनशे मुलांची शाळा, उत्तरं जेमतेम सत्तर, आणि त्यांतली बहुतेक ‘खूप छान’ अशी. कुठे चुकलं? — मुख्याध्यापिका, डिचोली तालुका

फॉर्म पालकांच्या फोनवर गेला, तिथेच निम्मी मुलं गळाली. ज्या घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर, त्या घरातल्या मुलाचं मत तुम्हाला सर्वांत आधी हवं होतं, आणि तेच आलं नाही. ज्यांनी भरला त्यांतल्या बऱ्याच जणांच्या शेजारी आई बसलेली असणार.

हे काम शाळेत, एका पिरियडमध्ये, कागदावर करा. तीनशेही मोजायला जड वाटत असतील तर हजेरीपटावरून दर चौथा क्रमांक घ्या. सुरुवात एकपासून करायची की दोन, तीन, चारपासून, ते चिठ्ठी उचलून ठरवा. असे साधारण 75 जण होतात. निवड वर्गशिक्षकांवर सोडू नका, कारण मग मॉनिटर आणि हुशार मुलंच येतात. निवडलेलं मूल गैरहजर असेल तर त्याच्या जागी दुसरं घेऊ नका, ते आलं की त्याच्याकडूनच भरून घ्या.

कागद दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाने वाटावेत आणि दाराजवळ थांबावं, बाकांमधून फिरू नये. शिक्षक पाठीशी उभे राहिले की पेन्सिल ‘छान’वरच जाते. नाव आणि रोल नंबर नको, फक्त इयत्ता आणि मुलगा की मुलगी. एखाद्या वर्गात मुली तीनच असतील तर तिथे तेही विचारू नका, कोण ते लगेच कळतं. भरलेले कागद मुलांनी स्वतः बंद पेटीत टाकावेत.

लॅबमध्ये फॉर्मच भरून घ्यायचा असेल तर ईमेल गोळा करण्याची सोय आणि ‘एकच उत्तर’ ही मर्यादा, दोन्ही बंद ठेवा. मर्यादा चालू असली की फॉर्म लॉगिन मागतो. तेरा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या देखरेखीशिवाय गूगल खातं उघडता येत नाही, त्यामुळे पाचवी-सहावी तिथेच अडते. उत्तरं जमा होतात त्या शीटमध्ये प्रत्येक उत्तरापुढे वेळ नोंदलेली असते. मुलं क्रमाने बसली असतील तर त्यावरून कोणाचं उत्तर कुठलं ते ओळखता येतं. शीट कोणालाही दाखवण्याआधी तो रकाना काढून टाका.

प्रश्न : मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात, पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी, घरी कोंकणी. प्रश्नावली कुठल्या भाषेत काढावी? — शिक्षक, पेडणे

ज्या भाषेत मूल तक्रार करतं त्या भाषेत. छापील मजकूर साध्या मराठीत ठेवा, वाचून दाखवताना कोंकणीत समजवा, आणि उत्तर कुठल्याही भाषेत, रोमीत म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीतसुद्धा, लिहायची मुभा द्या. ‘प्रोजेक्टर’ला ‘प्रक्षेपक’ करू नका. पाचवी-सहावीला प्रत्येक प्रश्न दोनदा मोठ्याने वाचावा लागतो.

छापण्याआधी सहा मुलांना बसवून प्रत्येक प्रश्न ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणून विचारा. घोटाळे तिथे सापडतात. ‘इंटरनेट वापरतोस का?’ याला ‘नाही’ म्हणणारं मूल रोज यूट्यूब पाहत असतं. ‘स्मार्ट बोर्ड’ म्हणजे काहींना भिंतीवर पडलेलं प्रोजेक्टरचं चित्र वाटतं. म्हणून वस्तूचं आणि ॲपचं नावच घाला.

प्रश्न : ‘तंत्रज्ञानामुळे तुमचा अभ्यास सुधारला आणि सोपा झाला का?’ असं विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’ लिहिलं. यातून काय समजायचं? — पालक-शिक्षक संघाचे सदस्य, फोंडा

काहीच नाही. प्रश्नानेच उत्तर सुचवलं आहे. शिवाय ‘सुधारला’ आणि ‘सोपा झाला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, मुलाने ‘हो’ कशाला म्हटलं ते कळणार नाही.

मत नंतर विचारा, आधी घडलेलं विचारा. ‘मागच्या पाच शाळेच्या दिवसांत किती पिरियडना प्रोजेक्टर लावला?’ पर्याय द्या : एकदाही नाही, एक-दोन, तीन ते पाच, त्याहून जास्त, आठवत नाही. मग ‘शेवटच्या वेळी तुझ्या बाकावरून अक्षरं वाचता आली का?’ ‘नसतील तर कशामुळे : ऊन, लहान अक्षर, समोरच्याचं डोकं, आणखी काही?’ लॅबबद्दल हा प्रश्न अवश्य घ्या : ‘मागच्या वेळी एका कॉम्प्युटरवर किती जण बसलात, आणि माऊस जास्त वेळ कोणाच्या हातात होता?’ याची उत्तरं मुलगे आणि मुली अशी वेगळी मोजा. लॅबमध्ये खरंच कोण शिकतंय आणि कोण नुसतं पाहतंय, हे या एका प्रश्नातून जेवढं कळतं तेवढं दहा ‘आवडतं का’ विचारूनही कळत नाही.

कौशल्याबद्दल ‘येतं का?’ विचारून भागत नाही, करून दाखवायला सांगा. 2024 च्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणात 14 ते 16 वयाच्या मुलांना फोनवर अलार्म लावायला, माहिती शोधायला, यूट्यूबवरचा व्हिडिओ शोधून काढायला सांगितलं होतं. शाळेत हे सहज जमतं.

पाचवी ते सातवीला बारा प्रश्न पुरे, आठवीपासून अठरापर्यंत चालतील. त्यापुढे मुलं ओळीने एकाच रकान्यात खुणा करत सुटतात.

प्रश्न : कागदावर मुलं एका शब्दात उत्तर देतात. मोकळेपणी बोलती कशी करायची? — शिक्षिका, सांगे तालुका

सहा ते आठ जणांचा गट, चाळीस मिनिटं, खाली गोल बसून. मुलगे आणि मुली आधी वेगळे. विचारणारी व्यक्ती त्यांना न शिकवणारी असावी, टिपणं घ्यायला दुसरी. व्हिडिओ नको. सुरुवात बोलण्याने करू नका. प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या द्या : ‘चालू ठेवा’, ‘बंद करा’, ‘नवीन हवं’. पाच मिनिटं गुपचूप लिहू द्या, मग सगळ्या मध्ये मांडून सारख्या सारख्या एकत्र लावा. यामुळे पहिला धीट मुलगा बोलला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, असं होत नाही. ‘का?’ विचारलं की मुलं गप्प होतात. ‘कधी झालं असं? मग काय केलंस?’ असं विचारा.

तुमच्या भागासाठी आणखी एक. 2020 मध्ये सांगे, सत्तरीतली मुलं ऑनलाइन वर्गासाठी रेंज शोधत डोंगरावर चढत होती. त्यामुळे ‘घरी ऑनलाइन अभ्यास करतोस का?’ हा प्रश्न तिथे अपुरा पडतो. कोरा कागद देऊन घराचा नकाशा काढायला सांगा आणि रेंज कुठे येते तिथे खूण करायला लावा : खोलीत, अंगणात, माडाखाली, रस्त्याच्या वळणावर. शेजारी लिहू द्या, तिथे रात्री एकटं जाता येतं का. ऑनलाइन गृहपाठ द्यावा की नाही याचा निर्णय असे वीस नकाशे समोर ठेवून घ्या.

प्रश्न : आम्ही अकरावीच्या मुली हायर सेकंडरीत असं सर्वेक्षण करणार आहोत. परवानगी लागते का? इन्स्टाग्रामवर पोल चालेल? — विद्यार्थिनी, म्हापसा

प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती मूलच धरली आहे आणि तिच्या डिजिटल माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. म्हणून नाव, फोन नंबर, फोटो घेऊच नका, तरी पालकांना एक चिठ्ठी पाठवा. इन्स्टाग्राम पोल नको, त्यात फक्त तुम्हाला फॉलो करणारेच येतात.

प्रश्न : एका निनावी कागदावर ‘ग्रुपवर मला रोज त्रास देतात’ असं लिहिलेलं सापडलं. आता काय करावं? — शिक्षिका, मडगाव

अक्षर ओळखण्याचा प्रयत्न करू नका आणि स्टाफरूममध्ये कागद फिरवू नका. समुपदेशकांना दाखवा. सर्व वर्गांना, कोणाचा उल्लेख न करता, सांगा की असा त्रास होत असेल तर कोणाकडे, कुठे, किती वाजता भेटता येईल, आणि 1098 हा बालमदत क्रमांक फळ्यावर लिहा. लैंगिक छळाची शंका येण्यासारखं काही असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे शाळेने स्वतः चौकशी करत बसू नये.

पुढच्या वेळी कागदाच्या माथ्यावरच छापा : ‘यावर नाव नाही, म्हणून मदत हवी असेल तर इथे लिहून पोचणार नाही. यांना भेटा.’

प्रश्न : निष्कर्ष कसे मांडावेत? — मुख्याध्यापक, काणकोण

वीसपेक्षा कमी मुलं असतील तिथे टक्के काढू नका, ‘17 पैकी 9’ असं लिहा. पाचपेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे दाखवू नका. दोन आठवड्यांच्या आत नोटीस बोर्डावर तीन रकाने लावा : मुलं काय म्हणाली, शाळा काय करणार आणि कधीपर्यंत, काय जमणार नाही आणि का. पहिल्या महिन्यात होण्यासारखं एखादं काम आधी उरका. उन्हामुळे प्रोजेक्टर दिसत नाही असं आलं असेल तर त्या खिडक्यांना जाड पडदे लावा. तिसरा रकाना कोरा ठेवू नका. टॅबसाठी पैसे नाहीत तर तसं सरळ लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी मुलं कागद कोरेच पेटीत टाकतील.