सिगारेटच्या धुराने फुप्फुसात रेणूंच्या पातळीवर नेमकं काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की सिगारेटने फुप्फुस खराब होतं म्हणजे आत नुसतं डांबर साचतं की आणखी काही घडतं, आणि सिगारेट सोडल्यावर ते पूर्ववत होतं का. काळ्या फुप्फुसाचे फोटो पाहून बहुतेकांचा समज असाच होतो की सगळा दोष त्या थराचा, आणि तो धुऊन निघाला की काम झालं. पण सीओपीडीत (श्वासमार्गात कायमचा अडथळा आणणाऱ्या आजारात), त्यातही एम्फिसेमात (वायुकोश विरून जाण्याच्या प्रकारात), वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, भिंती तोडतात ती आपल्याच पांढऱ्या पेशींमधली एन्झाइम्स. धूर त्या पेशींना फुप्फुसात बोलावून आणतो, आणि त्यांच्या एन्झाइमना आवर घालणारं प्रथिन निकामी करतो.

झुरका ओढताना सिगारेटच्या पेटत्या टोकाचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. त्यातून हजारो रसायनं निघतात. एका झुरक्याच्या वायुरूप भागातच अंदाजे एकावर पंधरा शून्य इतके फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील रेणू, असतात. ते क्षणभंगुर असतात. डांबरातले सेमिक्विनोन जातीचे रॅडिकल मात्र टिकाऊ. ते श्वासमार्गाच्या ओल्या अस्तरात बसून ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड हा आणखी एक रॅडिकल तयार करत राहतात. शिवाय ॲक्रोलिनसारखी आल्डिहाइड्स असतात. ती प्रथिनांमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला थेट चिकटतात आणि प्रथिनाचं काम बिघडवतात.

याच्यावर फुप्फुसाकडे स्वतःचं संरक्षण आहे. अस्तरावरच्या द्रवात ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडंटना निष्प्रभ करणारा रेणू) रक्तद्रवाच्या शंभर पटींहून जास्त असतं. पेशीच्या आत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन असतं. एरवी कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि ते सतत नष्ट होत राहतं. ऑक्सिडंटनी कीप-१ मधल्या सिस्टीन बदलल्या की एनआरएफ-२ सुटतं, केंद्रकात जातं आणि संरक्षक एन्झाइमांची जनुकं सुरू करतं. एनआरएफ-२ चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना सिगारेटच्या धुराने एम्फिसेमा लवकर आणि जास्त होतो, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. सीओपीडी झालेल्या माणसांच्या फुप्फुसात ही यंत्रणा मंदावलेली सापडते.

इथूनच पुष्कळजण सरळ उडी मारतात: ऑक्सिडंट वाईट, म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या चांगल्या. हे धोकादायक आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले: रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन एनआरएफ-२ जागं करेल, अशी आशा होती. सीओपीडीच्या रुग्णांवर ते तपासलं तेव्हा एनआरएफ-२ सुरू करतं त्या जनुकांचं काम वाढलंच नाही. म्हणून 'लंग डिटॉक्स' नावाने जे काही विकलं जातं त्यावर एक रुपयाही घालवू नका, असं मी ठामपणे सांगेन.

आता मूळ यंत्रणा. धुराने चिडलेल्या पेशी एनएफ-कप्पा-बी या दाहाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनामार्फत इंटरल्यूकिन-८ सारखे रासायनिक संदेश सोडतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात. त्यांच्या कणिकांमध्ये न्यूट्रोफिल इलॅस्टेज हे एन्झाइम असतं. जंतू मारायला ते लागतं, पण बाहेर सांडलं तर इलॅस्टिन कापतं. इलॅस्टिन म्हणजे फुप्फुसाला लवचीकपणा देणारे धागे. ते मुख्यतः गर्भात आणि बालपणी विणले जातात आणि जवळपास आयुष्यभर तेच पुरतात. प्रौढपणी तुटले तर नवे बनतात, पण वेडेवाकडे. मूळची जाळी उभी राहत नाही.

या इलॅस्टेजला आवरणारं प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. यकृतात बनून ते रक्तातून फुप्फुसात येतं. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्यांमध्ये काही जणांची अल्फा-१ ची पट्टीच गायब दिसली. अशा पाच जणांपैकी तिघांना एम्फिसेमा होता. 'एन्झाइम आणि त्याचा अवरोधक यांचा तोल' ही कल्पना तिथून उभी राहिली.

हा रेणू उंदराच्या सापळ्यासारखा चालतो. त्याच्या एका बाहेर आलेल्या वळशावर ३५८ व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असतं. तेच आमिष. इलॅस्टेज त्याच्या पुढचा बंध तोडायला जातं आणि अर्ध्या वाटेत तिथेच जोडलं जातं. त्याच क्षणी वळसा आत ओढला जातो आणि एन्झाइम सुमारे ७ नॅनोमीटर फेकलं जाऊन रेणूच्या दुसऱ्या टोकाला चिरडलं जातं. सापळा एकदाच वापरता येतो. मेथिओनिनमध्ये गंधक असतं. धुरातल्या किंवा न्यूट्रोफिलनी सोडलेल्या ऑक्सिडंटने त्या गंधकावर ऑक्सिजनचा एक अणू चढवला की मेथिओनिन सल्फॉक्साइड बनतं आणि आमिष इलॅस्टेजच्या खोबणीत नीट बसत नाही. प्रयोगशाळेत मोजलं तर पकडण्याचा वेग सुमारे २,००० पट घटतो. म्हणजे प्रथिन भरपूर असूनही उपयोग शून्य.

पण सगळं खापर या एका रेणूवर फोडणं चूक ठरेल. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातलं हे सगळंच प्रथिन निकामी झालेलं नसतं. दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे मॅक्रोफेज या दुसऱ्या पांढऱ्या पेशींमधलं, इलॅस्टिन कापणारं एमएमपी-१२ हे एन्झाइम. १९९७ मध्ये त्याचं जनुक नसलेल्या उंदरांना महिनोन्‌महिने धूर दिला तरी एम्फिसेमा झाला नाही. आणि ही एन्झाइम्स एकमेकांना मदत करतात: एमएमपी अल्फा-१ अँटिट्रिप्सिनला कापतं, इलॅस्टेज एमएमपीच्या अवरोधकाला कापतं. इलॅस्टिनचे तुटलेले तुकडे स्वतःच आणखी मोनोसाइट, म्हणजे पुढे मॅक्रोफेज बनणाऱ्या पेशी, ओढून आणतात. सिगारेट बंद केल्यावरही दाह काही प्रमाणात रेंगाळतो, त्याचं एक कारण मला हे चक्र वाटतं.

वायुकोशांची झीज दिसण्याआधी बारीक श्वासनलिका, म्हणजे २ मिलिमीटरपेक्षा अरुंद नळ्या, कमी झालेल्या असतात. इथे श्लेष्माचाही हात असतो. धुरामुळे पेशींवरची सीएफटीआर ही क्लोराइडची वाट मंदावते, अस्तरावरचं पाणी घटतं, श्लेष्मा घट्ट होतो. त्याच वेळी श्लेष्मा बनवणारं प्रथिन म्यूसिन जास्त बनतं आणि श्लेष्मा वर ढकलणारे रोमक, म्हणजे पेशींवरचे सूक्ष्म केस, आखूड होतात. सकाळचा बेडका तो हाच.

'दम्याला स्टिरॉइडचा पंप चालतो, मग इथे तितका का नाही?' याचंही उत्तर रेणूंतच आहे. स्टिरॉइडला दाहाची जनुकं बंद करायला एचडीएसी-२ हे एन्झाइम लागतं. ऑक्सिडेटिव्ह ताणाने ते बदलतं आणि सीओपीडीत त्याचं प्रमाण व काम घटतं. थिओफिलीन हे जुनं औषध कमी मात्रेत ते परत आणतं असं पेशींमध्ये दिसलं होतं, पण २०१८ मधल्या मोठ्या चाचणीत रुग्णांचा आजार अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले नाहीत.

कर्करोगाची वाट वेगळी. धुरातल्या बेंझोपायरीन या रसायनाला शरीर पाण्यात विरघळवायला जातं आणि त्यातून बनणारा एपॉक्साइड डीएनएमधल्या ग्वानीन (जी) या अक्षराला चिकटतो. पुढे जी ऐवजी टी हे अक्षर बसतं, कर्करोग रोखणाऱ्या पी-५३ सारख्या जनुकातही. रोज एक पाकीट ओढणाऱ्याच्या फुप्फुसातल्या प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी १५० म्युटेशन (डीएनएतले बदल), असा हिशोब २०१६ मध्ये मांडला गेला.

'मी बिडी ओढतो, पान नैसर्गिक आहे' हे आपल्याकडे नेहमी ऐकू येतं. तेंदूचं पान नीट जळत नाही, विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. निकोटिन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड त्यातही भरपूर असतं. आणि घरातल्या चुलीचा धूर बिनबिडीच्या बायकांनाही सीओपीडी देतो. भारतात २०१६ मध्ये या आजाराच्या एकूण भारापैकी २५.४ टक्के तंबाखूकडे आणि ५३.७ टक्के हवेच्या प्रदूषणाकडे जातो, असा अंदाज आहे.

सोडल्यावर काय? रोमक काही आठवडे-महिन्यांत सावरतात. तेव्हा खोकला थोडे दिवस वाढलेला वाटू शकतो, त्याला घाबरून पुन्हा पेटवू नका. विरलेले वायुकोश परत येत नाहीत, पण घसरण मंदावते. अमेरिका-कॅनडातल्या लंग हेल्थ स्टडीत ११ वर्षांनी पाहिलं तर पहिल्या सेकंदात फुंकली जाणारी हवा, म्हणजे एफईव्ही१, ओढत राहिलेल्या पुरुषांत वर्षाला ६६ मिलिलिटर घटत होती आणि सोडलेल्यांत ३०. बायकांत हेच आकडे ५४ आणि २२. दुसऱ्या कुठल्याच उपायाने या उतारावर इतका फरक पडलेला मला माहीत नाही.

तुम्ही बरीच वर्षं ओढत असाल आणि जिना चढताना दम लागत असेल तर एक्स-रेवर थांबू नका, सुरुवातीला तो साफ दिसतो. स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची श्वासाची तपासणी, करा. साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका सैल करणारं औषध ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० चे चार पफ, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) एकेक करून घ्यायचे, १५ मिनिटं थांबायचं आणि मग फुंकायचं. एफईव्ही१ भागिले एकूण फुंकलेली हवा हे गुणोत्तर ०.७० च्या खाली आलं तर अडथळा आहे. इथे हमखास होणारी चूक अशी की माणूस दोन-तीन सेकंदांत फुंकणं सोडतो. मग एकूण हवा कमी नोंदली जाते, गुणोत्तर खोटंच चांगलं दिसतं आणि आजार निसटतो. किमान ६ सेकंद, जमेल तर आलेख सपाट होईपर्यंत फुंका. तीन चांगले प्रयत्न हवेत आणि त्यातल्या सर्वोत्तम दोनांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. वय पन्नाशीच्या आत असेल किंवा एम्फिसेमा खालच्या भागात जास्त दिसत असेल तर अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची रक्तचाचणीही मागा, पण ताप किंवा संसर्ग असताना नको. दाहात यकृत हे प्रथिन जास्त सोडतं आणि कमतरता झाकली जाते. त्याच नमुन्यात सीआरपी (दाह मोजणारी रक्तचाचणी) करून घेतलं की आकड्यावर किती विसंबायचं ते डॉक्टरांना कळतं.