ॲपल, सॅमसंग, गूगल यांची भांडणं खरी असतात की लुटुपुटूची?

तुम्ही विचारलंय: "कोर्टात एकमेकींवर तुटून पडणाऱ्या या कंपन्या फोनचे सुटे भाग मात्र एकमेकींकडूनच घेतात. मग भांडणं खरी की फक्त दाखवायला? आणि नव्या फोनमध्ये आपण न मागितलेली, काढताही न येणारी ॲप का भरलेली असतात?" प्रश्न दोन दिसतात, पण माझ्या मते पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं काम पेटंट शोधण्याचं आहे. कुणी "हे मी पहिल्यांदा केलं" असा दावा केला, की ते आधी कुणी केलं होतं का हे जुनी पेटंटं, जुने लेख, बंद पडलेली उपकरणं उपसून बघायचं. त्यामुळे ही भांडणं मला बातम्यांपेक्षा कागदपत्रांतून जास्त भेटली. ते कागद वाचल्यावर एक नक्की सांगू शकते: भांडणं शंभर टक्के खरी आहेत.

एक उदाहरण जवळून बघू. आयफोनवर एखादी लांब यादी उघडा, फोन नंबरांची चालेल, आणि बोटाने शेवटपर्यंत ढकलत न्या. यादी संपली तरी बोटाबरोबर ती अजून थोडी सरकते, खाली रिकामी पट्टी दिसते, आणि बोट उचललं की रबर ओढून सोडल्यासारखी यादी जागेवर येते. एवढंच. पण यादी संपल्यावर नुसतीच थांबली असती तर फोन अडकलाय असं वाटलं असतं. ॲपलमधल्या बास ऑर्डिंग यांनी काढलेल्या या तोडग्याला २००८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, क्रमांक ७,४६९,३८१.

एप्रिल २०११ मध्ये ॲपलने कॅलिफोर्नियात सॅमसंगवर खटला भरला, त्यात हे पेटंट होतं. सॅमसंगने बचावासाठी जे जुनं काम शोधून आणलं त्याचं मला अजून कौतुक वाटतं. मित्सुबिशीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत डायमंडटच नावाचं स्पर्शाने चालणारं टेबल बनलं होतं, आयफोनच्या कितीतरी आधी. त्यावरच्या 'टेबलक्लॉथ' नावाच्या प्रोग्रॅममध्ये चित्र खाली ओढून सोडलं की ते परत जागेवर जायचं. मला हा पुरावा वजनदार वाटतो. ज्युरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाला, तो पटला नाही. २४ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल लागला आणि सॅमसंगला एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई ठोठावली गेली. सॅमसंगने ती उसळी काढून टाकली आणि यादी संपली की कडेला निळसर चमक दाखवायला सुरुवात केली. पेटंटच्या दाव्यातल्या चार ओळींनी कोट्यवधी लोकांच्या बोटाखालची हालचाल बदलली. जिथे असं होतं त्याला लुटुपुटूची लढाई कसं म्हणायचं?

खरा पैसा मात्र उसळीत नव्हता, फोनच्या दिसण्यात होता. गोल कोपरे, समोरचा सपाट काळा भाग, चिन्हांची जाळी. यांवर ॲपलची डिझाइन पेटंटं होती. अशा पेटंटमध्ये शब्द जवळजवळ नसतात, चित्रंच असतात. सलग रेघेने काढलेल्या भागावर हक्क, तुटक रेघेने काढलेल्या भागावर नाही. आणि भरपाईचा नियम आला होता गालिच्यांवरून! १८८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गालिच्याची नक्षी चोरल्याचं प्रकरण आलं. नफ्यातला नेमका किती वाटा नक्षीचा, हे सिद्ध करता आलं नाही म्हणून भरपाई मिळाली सहा सेंट. दोन वर्षांत तिथल्या संसदेने कायदा केला, की नक्षी चोरली तर त्या वस्तूवरचा सगळा नफा द्यायचा. गालिचा लोक नक्षी बघूनच घेतात, तिथे हे शोभलं. पण ज्या फोनमध्ये चिप, कॅमेरा, बॅटरी, रेडिओ असं सगळं भरलंय, त्याचा सगळा नफा कोपऱ्यांच्या गोलाईसाठी द्यायचा? डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की कायद्यातली 'वस्तू' म्हणजे अख्खा फोनच असायला हवा असं नाही, त्याचा एखादा भागही असू शकतो. मला हा निर्णय योग्य वाटतो. तरी त्यानंतर, मे २०१८ मध्ये, नव्या ज्युरीने ५३ कोटी ९० लाख डॉलर ठरवले आणि त्यातले सुमारे ५३ लाख सोडून बाकी सगळे डिझाइनचेच होते. पुढच्याच महिन्यात दोघांनी तडजोड केली. सात वर्षं!

आता तुमचा सुट्या भागांचा मुद्दा. 'तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना' अशीच गत आहे, आणि त्यामागचं कारण साधं आहे. २००७ च्या पहिल्या आयफोनचा प्रोसेसर सॅमसंगने बनवलेला होता. ॲपलने स्वतः चिप आखायला घेतल्यावरही ए-४ पासून ए-७ पर्यंत त्या छापून देत होती सॅमसंगच, म्हणजे खटला ऐन भरात असतानाही. इतक्या बारीक चिप इतक्या संख्येने बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रागावून जाणार कुठे? ॲपलने २०१४ मध्ये ए-८ तैवानच्या टीएसएमसीकडे नेली, पण २०१५ ची ए-९ पुन्हा दोघांकडून करून घेतली. २०१७ च्या आयफोन एक्सला ओएलईडी पडदा हवा होता आणि तेवढ्या संख्येने तो पुरवू शकेल अशी एकच कंपनी होती, सॅमसंगची. सॅमसंगच्या बाजूनेही बघा. तिचा फोनविभाग आयफोनपुढे हरला तरी पडदे आणि चिप विकणारे विभाग त्याच आयफोनवर कमावतात. सोनीचंही असंच. ती स्वतः फोन बनवते, आणि आयफोनच्या कॅमेऱ्यांचे सेन्सरही तिचेच. ही गोष्ट ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितली होती.

यात नाटक नाही. एकाच माणसाकडून माल घ्यावा लागणं ही कुठल्याही उत्पादकाची झोप उडवणारी गोष्ट असते. म्हणून दुसरा पुरवठादार उभा करायचा, तोवर पहिल्याशी गोड राहायचं.

सुटा भाग आणि पेटंट एकाच हातात आले की काय होतं, हे क्वालकॉमच्या प्रकरणात दिसलं. मोबाइल नेटवर्कशी बोलणारी मोडेम चिप क्वालकॉम विकते, आणि ते बोलणं ज्या मानकांनुसार, म्हणजे सगळ्यांनी पाळायच्या ठरलेल्या नियमांनुसार, चालतं त्यातली असंख्य पेटंटंही तिचीच. ती पेटंटं टाळून फोन बनवताच येत नाही, म्हणून ती वाजवी अटींवर सगळ्यांना देण्याचं वचन मालकाला द्यावं लागतं. पण वाजवी म्हणजे किती? क्वालकॉम रॉयल्टी, म्हणजे पेटंट वापरण्याचा मोबदला, मोजायची ती अख्ख्या फोनच्या किमतीवर. ॲपलचं म्हणणं, आम्ही पडदा चांगला लावला, साठवण वाढवली, तर त्यातला वाटा तुम्हाला का? जानेवारी २०१७ मध्ये ॲपल कोर्टात गेली आणि २०१८ च्या आयफोनसाठी मोडेम फक्त इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीकडून घेतली. पण इंटेलची ५जी चिप वेळेत तयार होईना. १६ एप्रिल २०१९ ला सॅन दिएगोच्या कोर्टात सुनावणी सुरू होत असतानाच तडजोड झाली. त्याच दिवशी इंटेलने फोनच्या ५जी मोडेमचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. अडला हरी म्हणतात तसं झालं. त्यानंतर काही महिन्यांतच ॲपलने इंटेलचा तो विभाग एक अब्ज डॉलरला विकत घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयफोन १६ई मध्ये स्वतःचं मोडेम, सी-१, बसवलं. एका पुरवठादाराच्या पकडीतून अंग काढून घ्यायला इतकी वर्षं लागतात.

पेटंटांची साठेबाजी हा वेगळाच विषय आहे, थोडक्यात सांगते. दिवाळं निघालेल्या नॉर्टेल या दूरसंचार कंपनीच्या सुमारे ६,००० पेटंटांचा २०११ मध्ये लिलाव झाला. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सोनी वगैरे एकत्र आल्या आणि ४.५ अब्ज डॉलर मोजून तो जिंकल्या. हरलेल्या गूगलने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोटोरोलाचा फोनधंदा साडेबारा अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. त्यात सुमारे १७,००० पेटंटं होती. जानेवारी २०१४ मध्ये तो धंदा लेनोव्होला सुमारे २.९ अब्जांना विकायचा करार केला आणि बहुतेक पेटंटं स्वतःकडे ठेवली. कुणी आपल्यावर खटला भरला तर त्याचं नाक दाबायला काहीतरी हातात हवं, हाच हेतू.

आता ॲपकडे येते, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. सुटे भाग पैसे टाकले की मिळतात. पेटंटवर शेवटी तह होतो. पण फोन हातात घेतल्यावर माणसाचं पहिलं बोट जिथे पडतं ती जागा एकच असते आणि ती दोघांत वाटून घेता येत नाही. शोधायचं कुठे, रस्ता विचारायचा कुणाला, हे बहुतेक लोक एकदाही बदलत नाहीत. पदरी पडलं ते पवित्र झालं. तुमच्या दोन्ही प्रश्नांची गाठ मला इथे दिसते.

पहिल्या आयफोनमधला नकाशा गूगलचा होता आणि यूट्यूबही आधीपासून बसवलेलं होतं. गूगलचे प्रमुख एरिक श्मिट तेव्हा ॲपलच्या संचालक मंडळावर होते. मग गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारे फोन आले आणि ऑगस्ट २००९ मध्ये श्मिट मंडळावरून बाहेर पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस अँड्रॉइडवर गूगलचा नकाशा वळणावळणाला बोलून रस्ता सांगू लागला. आयफोनवर तो मुका राहिला. ॲपलच्या लक्षात आलं, की आपल्या फोनमधली इतकी वापरली जाणारी गोष्ट कधी आणि किती सुधारायची हे प्रतिस्पर्धी ठरवतोय. सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोनच्या प्रणालीची नवी आवृत्ती, आयओएस ६, आली आणि त्यातून गूगलचा नकाशा आणि यूट्यूब दोन्ही गेले. जागी आला ॲपलचा स्वतःचा नकाशा, अर्धाकच्चा.

तो किती कच्चा होता? ऑस्ट्रेलियात मिल्डुरा नावाचं शहर आहे. ॲपलच्या नकाशात ते खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटरवर, मरी-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध दाखवलं होतं. लोक फोनवर विसंबून गाडी घेऊन निघायचे आणि निर्जन रानात अडकायचे. तिथे पाणी नाही, पारा ४६ अंशांपर्यंत जाऊ शकतो. डिसेंबर २०१२ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांना लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला. दोन कंपन्यांमधला वाद, आणि उन्हात अडकला ज्याचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता तो माणूस. हे आठवलं की मला आजही राग येतो. त्याआधी, सप्टेंबरमध्येच, टिम कुक यांनी जाहीर माफी मागून आमचा नकाशा सुधारेपर्यंत दुसऱ्यांचे वापरा असं सांगितलं होतं. डिसेंबरमध्ये गूगलचा नकाशा आयफोनवर परतला, पण आपण होऊन उतरवून घ्यायचं ॲप म्हणून. घरातली जागा गेली ती गेलीच.

त्या जागेची किंमत पैशांत बघायची असेल तर तोही आकडा आता उघड झालाय. ॲपलच्या सफारी या ब्राउझरमध्ये आपोआप गूगलवरच शोध व्हावा यासाठी गूगलने एकट्या २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिले. नॉर्टेल आणि मोटोरोला या दोन्ही व्यवहारांची बेरीज केली तरी यापेक्षा कमी भरते, आणि हे फक्त एका वर्षाचे पैसे. अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात हा आकडा बाहेर आला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधसेवेची मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला.

अँड्रॉइडवर हेच काम करारांनी होतं. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलचा शोध आणि क्रोम हा ब्राउझरही आधीपासून बसवा, अशी अट होती. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये त्यासाठी ४.३४ अब्ज युरो दंड केला, पुढे कोर्टाने तो ४.१२५ अब्जांवर आणला. अट झुगारून का देत नाहीत, असं वाटेल. ह्वावे या चिनी फोन कंपनीकडे बघा. मे २०१९ मध्ये अमेरिकेने तिला निर्बंधांच्या यादीत घातल्यावर सप्टेंबरमधला मेट ३० हा फोन गूगलच्या ॲपशिवाय बाजारात आणावा लागला, आणि चीनबाहेर तिचा फोनधंदा बसला. कॅमेरा उत्तम, चिप उत्तम, पण रोजची ॲप नाहीत म्हटल्यावर लोकांनी पाठ फिरवली.

म्हणून तुमच्या फोनमध्ये बऱ्याचदा दोन ब्राउझर, दोन गॅलऱ्या, दोन ॲप-दुकानं असतात. एक गूगलच्या करारामुळे आलेलं, दुसरं फोन बनवणाऱ्या कंपनीने उद्या आपली अवस्था ह्वावेसारखी होऊ नये म्हणून सांभाळलेलं. तिसऱ्या प्रकारची, खेळांची वगैरे, पैसे घेऊन भरलेली असतात. ती बहुतेक काढता येतात. पहिल्या दोन प्रकारांतली बरीचशी फोनच्या सिस्टीमच्या भागात बसवलेली असतात. तिथे आपल्याला हात घालता येत नाही, म्हणून 'अनइन्स्टॉल' ऐवजी 'डिसेबल' एवढाच पर्याय दिसतो. डिसेबल केलेलं ॲप चालत नाही, समोर दिसतही नाही, पण त्याने अडवलेली मूळ जागा मोकळी होत नाही.

युरोपात मार्च २०२४ पासून आयफोनवर सफारी उघडताना कुठला ब्राउझर हवा हे विचारावंच लागतं. बहुतेक ठिकाणी ते आपलं आपण करायचं. सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट ॲप्स' शोधा आणि ब्राउझरपासून सुरुवात करा. मग ब्राउझरच्या आत जाऊन शोध कुठे होतो तेही बघा, कारण ब्राउझर बदलला तरी ते बऱ्याचदा तसंच राहतं.