वाचकांचे प्रश्न : कंपनीचं प्रमाणपत्र कसं वाचावं?

प्रश्न : माझ्या मुलीला पुण्यात, मोठ्या कंपन्यांना ऑफिसच्या जागा भाड्याने मिळवून देणाऱ्या एका सल्लागार कंपनीच्या लीजिंग विभागात नोकरी मिळते आहे. कंपनीकडे ‘ग्रेट प्लेस टू वर्क’ या संस्थेचं प्रमाणपत्र आहे. त्यावर भरवसा ठेवावा का?

उत्तर : ठेवा, पण ते जेवढं सांगतं तेवढाच. हे प्रमाणपत्र मुख्यतः कर्मचाऱ्यांनी नाव न देता भरलेल्या प्रश्नावलीवर मिळतं. साठेक विधानं असतात: वरिष्ठ शब्द पाळतात का, आदराने वागवतात का, बढतीत पक्षपात होतो का, अशी. कंपनी स्वतः अर्ज करते, शुल्कही भरते. त्यामुळे प्रमाणपत्र नसलेली कंपनी वाईट ठरत नाही. मुदत 12 महिन्यांची असते, म्हणून आधी तारीख बघा. ‘सर्वोत्तम कंपन्यां’ची यादी ही वेगळी गोष्ट आहे, प्रमाणपत्र मिळालेली प्रत्येक कंपनी त्या यादीत नसते.

खरी अडचण अशी की गुण सगळ्या कंपनीचे एकत्र निघतात. संशोधन विभाग खूश असेल आणि लीजिंगची माणसं वैतागलेली असतील, तरी सरासरी चांगली येऊ शकते. या धंद्यात तर विभागाविभागांत फार फरक असतो. लीजिंगमध्ये जागा दाखवण्यापासून करार नोंदवेपर्यंत कित्येक महिने जातात, ब्रोकरेज त्यानंतर येतं आणि इन्सेंटिव्ह त्याच्याही मागून. म्हणून मुलीने एचआरला ईमेलवर विचारावं: इन्सेंटिव्ह बिल काढल्यावर मिळतो की ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर? एका डीलवर दोघांनी काम केलं तर वाटणी कशी? मधेच नोकरी सोडली तर आधी पूर्ण केलेल्या डीलचे पैसे मिळतात का? बहुतेक भांडणं या शेवटच्या मुद्द्यावर होतात, आणि तोंडी आश्वासन तिथे उपयोगी पडत नाही. पहिल्या सहा महिन्यांचं टार्गेट किती, तेही विचारावं. नव्या माणसाच्या हातात तेव्हा एकही डील पिकलेली नसते. सीटीसीतून, म्हणजे कंपनी तिच्यावर वर्षभरात करणार त्या एकूण खर्चातून, इन्सेंटिव्ह, पीएफचे दोन्ही वाटे (कंपनीचा आणि तिचा) आणि कर वगैरे वजा करून दरमहा हातात काय येतं ते काढा. आणि त्याच टीममध्ये दोन-तीन वर्षं टिकलेल्या एखाद्याशी बोलू द्या, असं सांगा. चांगली कंपनी याला आढेवेढे घेत नाही.

प्रश्न : नाशिकमध्ये आमची 14 जणांची कंपनी आहे, दुकानं आणि ऑफिसं भाड्याने देतो, इमारतींची देखभाल बघतो. आम्हाला हे प्रमाणपत्र मिळेल का?

उत्तर : किमान 10 कर्मचारी लागतात, त्यामुळे अर्ज करता येईल. पण लहान ऑफिसात ‘हे कोणी लिहिलं’ ते कळेल या भीतीने सगळे गोडगोड उत्तरं देतात, नाहीतर भरतच नाहीत. प्रश्नावली ज्याने त्याने आपल्या मोबाइलवर, मालक आसपास नसताना भरावी.

त्याआधी तीन कामं करा. इन्सेंटिव्हचा नियम कागदावर लिहून सगळ्यांना द्या. साइट व्हिजिटच्या पेट्रोलचे पैसे पगारासोबतच चुकते करा. रविवारी जागा दाखवायला पाठवलंत तर त्याच आठवड्यात बदली सुट्टी द्या. शिवाय 10 किंवा जास्त माणसं असल्यावर 2013च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावीच लागते. प्रमाणपत्र घ्या किंवा नका घेऊ. हाउसकीपिंग आणि सुरक्षेची माणसं एजन्सीच्या पगारपत्रकावर असतील, तर ती सहसा या पाहणीत येत नाहीत. त्यांचा पगार वेळेवर होतो का, पीएफ भरला जातो का, हे दर महिन्याला एजन्सीचं बिल पास करण्यापूर्वी चलन मागून तपासा.