पेटीवरून पियानोकडे येताना: डावा हात आणि ग्रेडची घाई

ताई, चव्वेचाळिसाव्या वर्षी पियानो सुरू केलाय, लहानपणी पेटी शिकलात तरी डावा हात चालत नाही आणि क्लासवाले ग्रेडच्या, म्हणजे पायरीपायरीच्या, परीक्षेला बसा म्हणून मागे लागलेत, हे वाचून राहवलं नाही. मीही याच वाटेने गेलोय. मी शिक्षक नाही, हौशी वाजवणारा आहे, तेवढं धरूनच पुढचं वाचा.

आधी डावा हात. पेटीवर तो आयुष्यभर भात्यावर असतो, सूर त्याने कधी शोधलेलाच नाही. तेव्हा हा वयाचा दोष समजू नका. शिवाय पेटीत आवाजाचा जोर भात्यातून येतो. पियानोत पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर आवाज लहानमोठा होतो, म्हणजे बोटालाच दोन्ही कामं. रोज पहिली दहा मिनिटं डावा एकटाच वाजवा. मनगट दुखलं तर तिथेच थांबा.

आता परीक्षा. माझ्या क्लासच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी ‘मुलाचं नाव?’ असं विचारलं आणि फॉर्मवर पालकांची सही मागितली. ते सोडून देतो. खरं नुकसान नंतर झालं. वर्षभर परीक्षेचे तीनच पीस. सर वाजवून दाखवायचे, आम्ही बोटं पाठ करायची. नोटेशनचं पान समोर असायचं, पण त्याच्याकडे बघायची वेळच येत नसे. वाचायला कधी शिकवणार विचारलं की ‘परीक्षा होऊ द्या’. परीक्षा झाली की पुढच्या ग्रेडचं पुस्तक आणि फी. मोठ्यांसाठी वेगळी बॅच मागितली तर नाही, फी परत मागितली तर तेही नाही. हातात प्रमाणपत्र आलं, आणि अनोळखी चार ओळी समोर ठेवल्या तर एकही वाजेना. नोकरी-घर सांभाळून काढलेलं वर्ष होतं ते. त्याचा राग अजून गेलेला नाही.

परीक्षा वाईट नाही. पण एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेडचं गणित बघा: एकूण १५० गुण, उत्तीर्ण व्हायला १००, तीन पीसना मिळून ९० आणि न पाहिलेलं वाचून वाजवायला फक्त २१. म्हणजे वाचन कच्चं ठेवूनही माणूस पास होतो, आणि क्लासला तेवढं पुरतं. आपल्याला पुरत नाही. लहान मुलाला पुढे दहा वर्षं शिकवणारं कोणीतरी असतं. आपल्याला लवकरात लवकर एकट्याने पुस्तक उघडून बसता आलं पाहिजे. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष परीक्षेला नाही म्हणा.

त्याऐवजी रोज एक नवी, अगदी सोपी ओळ वाचा. चुकली तरी न थांबता शेवटपर्यंत जायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसरी घ्यायची. तीन खुणा पक्क्या करा (सी, जी, एफ ही सुरांची पाश्चात्त्य नावं): पियानोच्या मधला सी, ट्रेबलच्या, म्हणजे वरच्या पाच रेषांत खालून दुसऱ्या रेषेवरचा जी, आणि बासच्या, म्हणजे खालच्या पाच रेषांत खालून चौथ्या रेषेवरचा एफ. बाकीचे सूर तिथून मोजत सापडतात. आणि कृपा करून स्वरांखाली सा रे ग म लिहू नका. पेटीवर गायकाने काळी चार (चौथी काळी पट्टी) सांगितली की आपला सा तिकडे सरकतो. कागदावरचा जी मात्र कायम त्याच पट्टीचा. शिवाय खाली अक्षरं असली की डोळे तीच वाचतात, रेषा नाही.

जाता जाता: कोणी जुना लाकडी पियानो स्वस्तात देतंय असं तुम्ही लिहिलंय. मुंबई-कोकणातला असेल तर पावसाळ्यात जाऊन बघा. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, तारा गंजलेल्या असू शकतात. सूर जुळवून देणारा ट्यूनर जवळ मिळत नसेल तर ८८ वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) पट्ट्यांचा डिजिटल बरा, हेडफोन लावून रात्रीही बसता येतं.

क्लास सोडायलाच हवा असं नाही. पुढचा हप्ता भरण्याआधी सरांना एवढंच विचारा: दर तासाला पंधरा मिनिटं न पाहिलेलं वाचून घ्याल का? टाळाटाळ झाली तर घरी येऊन शिकवणारं कोणी शोधा.