तारीख सांभाळ, बाकी सगळं मग बघू

अगं,

काल रात्री पावणेबाराला तुझे ओळीने नऊ मेसेज आले, त्यातले तीन तूच परत डिलीट केलेस. पक्षी बघायला कुठे-कसं जायचं त्याचं तुझं पान कोणीतरी उचलून आपल्या साइटवर लावलंय, हे कळलं. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या मी तुझी आणि त्यांची, दोन्ही वेबसाइट शेजारी शेजारी लावून बघितल्या. तुझंच आहे, काही शंका नाही. ऐरोलीची बोट, नेरूळ-सीवूड्सची पाणथळ, कोपरखैरण्याहून कुठली गाडी पकडायची, सगळं तसंच्या तसं. फोटोही तुझेच, फक्त खालची तुझ्या नावाची पट्टी कापलीय. पण माझं डोकं फिरलं ते एका वाक्यावर. तू लिहिलंयस ना, "माझ्या आजीला पायऱ्या उतरवेनात म्हणून ती वरच्या बाकावर बसली आणि सगळ्यात आधी थवा तिलाच दिसला", ते वाक्यसुद्धा त्यांनी उचललंय. अनुस्वार न हलवता. दुसऱ्याची आजी आपल्या पानावर लावताना माणसाला काहीच कसं वाटत नाही, मला खरंच कळत नाही.

तू विचारलंस, त्यांना सरळ फोन करू, की इन्स्टावर उघडं पाडू, की साइटच बंद करू. आणि उत्तर यायच्या आधी तू काय केलंस, तर स्वतःचं पान काढून टाकलंस. का पण? चोर घरात शिरला म्हणून आपण आपला सातबारा फाडतो का? हे वाचून होण्याआधी वर्डप्रेसच्या, म्हणजे तू साइट जिथे लिहितेस तिथल्या, ट्रॅशमध्ये जा, तिथे तीस दिवस असतं, पान परत आण, आणि पहिल्यांदा टाकलं होतंस तेव्हाचीच तारीख वर दिसतेय ना ते डोळ्यांनी बघ. मजकुरात एक अक्षर सुधारू नकोस. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर असू देत, त्यांच्या पानावरही त्याच चुका आहेत आणि त्या आपल्या कामाच्या आहेत.

तारीख. सतरा वेळा सांगेन, कंटाळलीस तरी सांगेन. हे माझं आहे असं कोणीही म्हणू शकतं, तेही म्हणतील. कोणाकडे कुठल्या तारखेचं काय आहे, त्यावर सगळं ठरतं.

हे मी कुठे शिकलो ते ऐक. २००९ साली माझी स्वतःची साइट होती, नौपाड्यातल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून रात्री जागून लिहिलेली, प्रत्येक ओळ माझी. दुसऱ्या शहरातल्या एका फर्मने ती सगळी उचलली, वर "आमची कामं" म्हणून माझ्या गिऱ्हाइकांच्या साइटचे फोटो लावले. मी काय केलं? फोन केला. गोखले रोडवर भर दुपारी उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. समोरचा शांतपणे "हो सर, बघतो सर" म्हणाला, आणि अर्ध्या तासात सगळं गायब. मला वाटलं जिंकलो. दोन महिन्यांनी तेच पान, शब्द थोडे इकडेतिकडे करून, परत आलं. आणि ज्या गिऱ्हाइकाचं मोठं काम माझ्या हातात येणार होतं त्यांनी मला बोलावून विचारलं, तुम्ही यांचं बघून केलंय का हो?

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. एक स्क्रीनशॉट काढला नव्हता. जुनं होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइल्स ठेवायची भाड्याची जागा, बदलताना जुन्या फाइल्स गेल्या होत्या. म्हटलं वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबसाइटची जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर, तरी जुनं पान सापडेल, तर तिथेही नाही, कारण बँडविड्थ वाचवायला मीच माझ्या साइटच्या रोबोट्स फाइलमध्ये, कुठल्या यंत्राने पानं वाचायची ते सांगणाऱ्या, गूगल सोडून सगळ्यांना मनाई करून ठेवली होती. माझ्याच हाताने. काम गेलं ते गेलंच, पण "बघून केलंय का" हा प्रश्न मला आजही झोपेत ऐकू येतो. म्हणून तुला फोन करायला नको म्हणतोय. फोनला तारीख नसते आणि फोनने समोरचा सावध होतो.

आता आधी हे कर. त्यांचं प्रत्येक पान उघड, वर पत्ता आणि खाली कॉम्प्युटरचं घड्याळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट घे, पीडीएफ पण काढून ठेव. मग तेच पान वेबॅक मशीनच्या "सेव्ह पेज नाऊ"मध्ये टाक, आणि तुझंही टाक, म्हणजे तिसऱ्याच्या जागेवर दोन्हींची नोंद होते. माझा स्क्रीनशॉट मी बनवलाय असं कोणी म्हणू शकतं, त्या नोंदीबद्दल तसं म्हणणं अवघड जातं. फोटोंच्या मूळ फाइल्स, कॅमेऱ्यातून निघालेल्या, न कापलेल्या, त्या वेगळ्या हार्डडिस्कवर घे. त्यात दिवस, वेळ, कॅमेरा सगळं असतं आणि मुख्य म्हणजे कापलेला भाग फक्त तुझ्याकडे असतो. तो सीवूड्सचा फोटो बघ, त्यांच्याकडे उजव्या कोपऱ्यात हिरवं काहीतरी टोक राहिलंय. तुझ्या मूळ फोटोत ती तुझ्या बाबांची छत्री आहे, अख्खी. वकिलाला चार पानं लिहून जे सांगता येणार नाही ते ती छत्री सांगते.

आणि आणखी एक बघ, तुझ्या अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर येणारी माणसं मोजतात तिथे, होस्टनेम बघ, कुठल्या साइटवरची माणसं मोजली गेली ते त्यात कळतं. असे लोक पान उचलताना आतला कोड न बघता उचलतात, तुझा ट्रॅकिंग कोड पण सोबत गेला असेल तर त्यांच्या साइटवर येणारी माणसं तुझ्या रिपोर्टमध्ये दिसतील. मी हे दोनदा पकडलंय.

आता डिझाइनचं. तू मला मोठ्या त्वेषाने लिहिलंस की गुलाबी हेडर, तीन चौकोन, सगळं माझ्यासारखं. बाळा, ती थीम फुकट मिळते, तू माझ्यासमोर बसून डाउनलोड केलीस. गुलाबी रंग तुझा नाही आणि तीन चौकोनही नाहीत, त्यावर एक मिनिट घालवू नकोस. तसंच भरतीला पक्षी सीवूड्सच्या पाणथळीवर येतात आणि ओहोटीला खाडीच्या चिखलावर पसरतात, ही माहितीही तुझी नाही, ती कोणाचीच नाही. १९७८ साली सुप्रीम कोर्टात हेच झालं होतं, एका नाटककाराचं म्हणणं होतं की माझ्या नाटकावरून सिनेमा काढला, आणि कोर्ट म्हणालं की कल्पनेवर, विषयावर हक्क नसतो, ती ज्या रीतीने मांडली त्या मांडणीवर असतो. तो हरला. तू हरू नयेस म्हणून सांगतोय. तुझं काय आहे, तर तुझी वाक्यं, तुझे फोटो, आणि तू हाताने काढलेला तो नकाशा ज्यात बाक, चहाची टपरी आणि रिक्षा कुठे सोडायची ते आहे. हे घट्ट धर. सगळं माझं सगळं माझं करत गेलीस तर जे खरंच तुझं आहे त्याच्यावरचाही विश्वास उडेल.

नोंदणी केली नाही म्हणून रडत होतीस. गरज नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात लिहिलं किंवा फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणीचा फायदा एवढाच की कोर्टात तो प्रथमदर्शनी पुरावा धरतात, म्हणजे पुन्हा तारीखच. लेखनासाठी फी ५०० रुपये आहे, ऑनलाइन होते, पुढच्या महिन्यात करून टाक, पण आजच्या भांडणासाठी थांबू नकोस.

मग काय करायचं तर लेखी. त्यांच्या संपर्काच्या ईमेलवर सहा ओळी, शिव्या नाहीत, धमकी नाही, हे पान माझं, या तारखेपासून प्रसिद्ध आहे, हे तुमचे पत्ते, अमुक दिवसापर्यंत काढा. उत्तर आलं नाही तर त्यांचं होस्टिंग कोणाकडे आहे ते शोधायचं, डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, माहिती बघून कळतं, मध्ये क्लाउडफ्लेअर, म्हणजे साइट आणि होस्टच्या मध्ये बसणारी कंपनी, असेल तर त्यांच्याकडे तक्रार टाकली की ते ती पुढे होस्टकडे पाठवतात. भारतातली कंपनी असेल तर आपल्या कायद्याच्या कलम ५२ आणि २०१३ च्या नियमांप्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत त्यांनी ते पान बंद करायचं असतं, आणि तुला २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणता आला नाही तर ते परत सुरू करू शकतात, हे आधीच माहीत असू दे. अमेरिकेतली कंपनी असेल तर तिकडचा १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा, त्याची नोटीस. गूगल सर्चमधून काढायला गूगलचा वेगळा फॉर्म आहे, प्रत्येक पानाचा पत्ता वेगळा लिहायचा, नुसतं "अख्खी साइट" लिहिलं तर परत पाठवतात. त्या नोटिशीत तू प्रतिज्ञेवर सांगतेस की हे माझं आहे, म्हणून एकही फोटो असा टाकू नकोस जो तुझ्या मैत्रिणीने काढलाय. तिचा असेल तर तिने पाठवायचा.

बाबा म्हणतायत ना, पोरीच्या जातीने कशाला या भानगडीत पडायचं, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली पोलिसात जाऊ. कलम आहे, सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे, ५० हजार ते दोन लाख दंड आहे. पण चौकीवर पहिला प्रश्न काय येईल? कधीचं आहे तुमचं? बघ, परत तिथेच आलो. आणि दिवाणी दावा करायचा झाला तर एक चांगली गोष्ट आहे, तो माणूस कुठेही बसलेला असो, तू राहतेस तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे आपल्याच भागात. दिल्ली-बंगलोरच्या खेपा नाहीत. तेव्हा स्क्रीनशॉटबरोबर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, ते कसं करायचं ते वकील सांगतील.

तू शेवटी लिहिलंस, "सर, एवढं ताणायचं का? लहानसं पान आहे माझं." हे वाक्य मला आवडलं नाही. लहानसं म्हणून सोडायचं असतं तर मग मी काय आयुष्यभर चुकलो? २०१६ साली माझ्याकडे दीड वर्ष काम केलेल्या एका मुलाने नोकरी सोडून स्वतःची साइट काढली, माझाच मजकूर, माझेच दर, वाक्य न् वाक्य. मी त्याला दोन ईमेल केल्या, दोन्हीला उत्तर नाही. तिसऱ्या आठवड्यात होस्टिंगला नोटीस दिली आणि साइट बंद झाली, नेमकी पाडव्याच्या आदल्या दिवशी. त्याची आई घरी आली, दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही, म्हणाली तुमच्याकडे कामं भरपूर आहेत, पोराच्या पोटावर का आलात. बायकोने माझ्याशी दोन दिवस धड बोलणं टाकलं. सगळे म्हणत होते पोरगं आहे, बोलावून समजावून सांगायचं होतं.

समजावलं होतं की. दोनदा, लेखी. त्याच्या पानावर माझी २०१२ ची वाक्यं होती आणि माझ्याकडे २०१२ ची तारीख होती. मी काय करायला हवं होतं, परत त्या खोलीत बसून कोणीतरी मला विचारायची वाट बघायची, की बघून केलंय का? तो मुलगा आता चांगल्या नोकरीत आहे, वाशी गाडीत कधीतरी दिसतो, मान फिरवतो. मला बरं वाटत नाही त्याचं. त्याला काम मीच शिकवलं होतं, एचटीएमएलचा पहिला टॅग मीच लिहून दाखवला होता. पण नोटीस मी परत दिली असती. आजही देईन. हे मी तुला पटवतोय की स्वतःला ते मला माहीत नाही, पण देईन.

एक मात्र त्याच्या वेळी चुकलं ते तुझ्या वेळी करणार नाही, आपण त्यांना पहिल्या ईमेलनंतर पूर्ण दहा दिवस देऊ, आणि सणावाराला काही बंद पाडायचं नाही. आणि इन्स्टावर काही टाकायचं नाही, निदान पान उतरेपर्यंत. तुझ्या मैत्रिणी त्यांच्यावर तुटून पडतील, ते सगळं पुसतील, आणि तुझ्याकडे स्क्रीनशॉट अर्धेच असतील.

घरचा पत्ता नोटिशीत जायची भीती वाटतेय म्हणालीस, ती भीती बरोबर आहे, नोटीस समोरच्याकडे जाते. हक्कदाराच्या वतीने अधिकृत प्रतिनिधीने नोटीस दिलेली चालते. मला एक साधं अधिकारपत्र सही करून दे, पत्ता माझ्या ऑफिसचा जाईल. कोणाला यायचं असेल तर इथे येऊ देत.

शनिवारी अकराला ये. ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतर, हार्डडिस्क, कॅमेऱ्याचं कार्ड आणि त्या नकाशाचा मूळ कागद, चहाचा डाग पडलेला, तो टाकला नसशील तर घेऊन ये. आणि तुझं पान परत आणलंस की शनिवारपर्यंत थांबायचं नाही असं एकच काम उरतं. आजीचं वाक्य असलेलं त्यांचं पान आत्ता उघड, सेव्ह कर, मला पाठव, मग झोप.

तुझा,
सर