साडी नेसायची तर नीट नेस

अरे पोरा,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला आणि सकाळपासून डोक्यात तोच घोळतोय. गॅदरिंगच्या एकांकिकेत तुला बाईचं काम मिळालंय, तालमीत साडी नेसलास तर मजा आली, आणि मजा आली म्हणूनच आता टेन्शन, की पोरं चिडवणार, व्हिडिओ ग्रुपवर फिरणार, घरी कळणार, आणि मुळात मला हे आवडलंच कसं. अरे आवडलं तर आवडलं. त्याचा अर्थ आज रात्रीतच लावून टाक असं कुणी सांगितलंय तुला? मला राग आला तो खालच्या ओळीचा. म्हणे, मुद्दाम वेडीवाकडी नेसतो, म्हणजे सगळ्यांना कळेल की गंमत चाललीय.

अजिबात नाही. साडी नेसायची तर नीट नेस.

छातीत फुगे कोंबायचे, चिरका आवाज काढायचा, कंबर नको तेवढी हलवायची, यावर हशा येतो, मान्य, पण तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांचे चेहरे बघ एकदा. त्या हसतात, पण कुणाची टर उडवली जातेय हे त्यांना बरोब्बर कळतं. आणि तोच पोरगा निऱ्या सारख्या करून, पदर सावरत सरळ चालत आला आणि दोन वाक्यांनंतर कुणाची तरी ट्यूब पेटली की अरे हा तर आपला अमक्या, मग जो हशा उठतो ना, त्यात त्या बायका सगळ्यात जोरात असतात. मी दोन्ही हशे ऐकलेत, म्हणून इतकं ताणून धरतोय.

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, आपल्याकडे याला मोठी परंपरा आहे बाबा. बालगंधर्व स्टेजवर नेसायचे तशी साडी, घालायचे तसे दागिने घरंदाज बायका उचलायच्या. पुरुषाचं बघून! १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना, आणि पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम पण तेच आणि सीता पण तेच. कोकणात दशावतारात आजही बाप्ये शालू नेसून रात्रभर उभे असतात आणि समोरच्या म्हाताऱ्या त्यांच्या दुःखावर डोळे पुसतात. त्यांना कुणी विचारतं का गंमत आहे की खरं? नीट नेसलेलं असतं, संपला विषय.

आता माझं सांगतो. एकदा प्रयोग संपला आणि माझे कपडे ज्या खोलीत होते तिला कुलूप, चावीवाला गायब, शेवटची एसटी सुटायची वेळ झालेली, मग तसाच स्टँडवर गेलो, सहावारी, अंबाडा, कपाळावर टिकली. पोरं शिट्ट्या मारत होती, मी आपला खाली बघत उभा. तेवढ्यात बाकावरची एक आजी उठली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "निऱ्यांची तोंडं उजवीकडं कुठं असतात रे, डावीकडं घे." आणि मी काही बोलायच्या आत तिने निऱ्या ओढून काढल्या, अंगठा आणि करंगळीच्या मापाने भराभर नव्या घातल्या, वरून एकदा झटकल्या, माझ्याच हातांनी खोचायला लावल्या आणि परत जाऊन बसली. शिट्ट्या बंद. गाडी लागल्यावर कंडक्टर म्हणाला, "ताई, पुढे सरका," मी माझ्या नेहमीच्या आवाजात एक फुल तिकीट मागितलं, आणि अख्खी गाडी हसली, आजी धरून, मी धरून. इतका मोकळा मी कॉलेजात कधी नव्हतो.

नंतर बरीच वर्षं मी हे बंद ठेवलं, तुला कुणीतरी सांगितलंच असेल. वडिलांनी फक्त एकदाच म्हटलं, आता पुरे. बहिणीचं बघणं चालू होतं, पाहुणे येत होते, चार माणसांत तिला माझ्यावरून ऐकून घ्यावं लागू नये इतकंच होतं, त्याला भित्रेपणा म्हणणारे म्हणोत, त्यांच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते मला विचारायचं नाही. मी आजही तेच केलं असतं. पण हळहळ आहे ती आहेच, कारण मी परत सोसायटीच्या गणपतीत उभा राहिलो तेव्हा आई बघायला नव्हती, आणि पहिली साडी तिने नेसवली होती. तुझ्या आईला आधीच सांग. व्हिडिओतून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे, आणि साडी तिचीच माग.

बाकी कामाचं सांगतो. मिशी काढावी लागेल, रडायचं नाही. दाढी त्याच दिवशी दुपारी, आदल्या रात्री नको, आणि फाउंडेशनखाली केशरी रंगाचा हलका हात मार, नाहीतर हनुवटीवरची निळसर झाक लाइटमध्ये दिसते. ब्लाऊज उसना घेऊच नकोस, आपले खांदे रुंद, हात वर केलास की काखेत उसवणार, टेलरकडे जाऊन लाजत न बसता स्वतःचं माप दे. परकराची नाडी घट्ट, सगळं त्यावरच तोललेलं असतं. पायऱ्या चढताना निऱ्या डाव्या हाताने किंचित उचलायच्या, नाहीतर पहिल्याच पायरीला तोंडावर पडशील. आणि नेसायच्या आधी बाथरूमला जाऊन ये, हे मी सिरियसली सांगतोय, नंतर कुठल्या दारात शिरायचं हाच मोठा प्रश्न असतो.

आवाज तुझाच ठेव. हातात एक पिशवी किंवा बटवा घे, खिसा नसल्यावर हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही, आणि हात लटकले की सगळी ऐट गेली. आणि साडी तालमीत रोज नेस, फक्त प्रयोगाच्या दिवशी नेसलास तर ती तुला नाचवेल.

रविवारी साडी आणि डझनभर सेफ्टी पिना घेऊन घरी ये. तुझी काकू निऱ्या शिकवेल, मी चालायला शिकवतो. तो फुगेवाला मित्र आहे ना, त्यालाही आण, त्याच्याशी जरा बोलायचंय.